रॅटच्या मेंदूतून सिनॅप्टिक वेसिकल्स वेगळ्या काढणे आणि त्यांच्या पटलातील प्रथिने मोजणे

सिनॅप्टिक वेसिकल म्हणजे चेतापेशीच्या टोकाशी न्यूरोट्रान्समीटर भरून ठेवलेली, सुमारे ४० नॅनोमीटर व्यासाची पिशवी. पेशीतल्या फार थोड्या अवयवांची प्रथिने इतक्या बारकाईने मोजली गेली आहेत, आणि याचे श्रेय वेसिकल्स शुद्ध करण्याच्या जुन्या, भक्कम पद्धतीला जाते. ग्रे आणि व्हिटेकर यांनी १९६२ मध्ये सिनॅप्टोसोम (चेतापेशीची तुटून मिटलेली टोके) वेगळे केले, १९६४ मध्ये व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी ते पाण्याने फोडून आतल्या वेसिकल्स बाहेर काढल्या, १९८३ मध्ये हटनर आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीला सच्छिद्र काचेच्या कणांनी भरलेल्या स्तंभाची जोड दिली. २००६ साली ताकामोरी, यान आणि सहकाऱ्यांनी याच शुद्ध नमुन्यावर 'सरासरी वेसिकल'चा हिशेब मांडला. आजही पायऱ्या जवळपास त्याच आहेत.

मास स्पेक्ट्रोमीटर (वस्तुमानावरून प्रथिने ओळखणारी यंत्रे) आता इतके संवेदनशील झाले आहेत की यादी लांबवणे सोपे झाले आहे. २००६ मध्ये ४१० प्रथिने सापडली होती, २०२० च्या एका अभ्यासात १,४६६. म्हणून यादीत नाव आले एवढ्यावर ते प्रथिन वेसिकलचे ठरत नाही. शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण सिनॅप्टोफायसिन या वेसिकलच्या खात्रीच्या प्रथिनाच्या बरोबरीने चढत गेले का, हा खरा पुरावा. खालची सगळी मांडणी हा पुरावा हातात राहावा अशीच केली आहे.

आधीची तयारी

भारतात काम करत असाल तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकही प्राणी मागवू नका. अर्जात प्राण्यांची संख्या द्यावी लागते, म्हणून किती जैविक पुनरावृत्ती करणार हे आधीच ठरवा. मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी तीनपेक्षा कमी चालत नाहीत. एकाच नमुन्याचे तीन रन म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत.

इथले आकारमान ४ प्रौढ रॅटसाठी, म्हणजे लहान मेंदू आणि मेंदूचा देठ काढून उरलेल्या सुमारे ५ ग्रॅम ऊतीसाठी आहे. देठात मायेलिन (चेतातंतूंवरचे चरबीयुक्त वेष्टण) भरपूर असते आणि ते पुढे प्रत्येक पायरीवर त्रास देते, म्हणून तो भाग घेऊच नका. कॉर्टेक्सखालचा पांढरा पट्टा चिमट्याने काढता आला तर फारच उत्तम.

होमोजिनायझेशन बफर: ३२० मिलिमोलर सुक्रोज (लिटरला १०९.५ ग्रॅम), ४ मिलिमोलर हेपीस (०.९५ ग्रॅम), पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४, आणि १ मिलिमोलर ईजीटीए. ईजीटीए कॅल्शियम धरून ठेवते, त्यामुळे कॅल्पेनसारखी प्रोटिएज (प्रथिने तोडणारी विकरे) थंड राहतात. पीएमएसएफ हे प्रोटिएज रोखणारे रसायन पाण्यात लवकर निकामी होते. ते आयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवून ठेवा आणि ऊती घालण्याच्या क्षणी बफरमध्ये टाका. सकाळी एकदा घालून संध्याकाळपर्यंत पुरेल असे मानू नका, सिनॅप्टोसोम फोडण्याच्या पाण्यात पुन्हा घाला. सोबत पेप्स्टॅटिन आणि ल्युपेप्टिन असावे.

ग्रेडिएंटसाठी (वरून खाली दाट होत जाणाऱ्या सुक्रोजच्या द्रावासाठी) ५० मिलिमोलर (लिटरला १७.१ ग्रॅम) आणि ८०० मिलिमोलर (२७३.८ ग्रॅम) सुक्रोज, दोन्हीत ४ मिलिमोलर हेपीस. सगळे द्राव गाळून ४ अंशांवर ठेवा. रोटर आदल्या रात्रीच शीतखोलीत ठेवा. गरम रोटरमुळे बिघडलेले नमुने नंतर कुठल्याच बफरने सुधारत नाहीत.

आणखी एक गोष्ट. खाली जिथे 'जी' (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) लिहिले आहे तिथे आरपीएम आपल्या रोटरच्या त्रिज्येवरून काढा: जी = १.११८ × १०⁻⁵ × त्रिज्या (सेंमी) × आरपीएमचा वर्ग. सरासरी त्रिज्या ८ सेंमी असेल तर १,६५,००० जी साठी सुमारे ४३,००० आरपीएम लागतात. दुसऱ्या प्रयोगशाळेचा आरपीएम जसाच्या तसा उचलला की पद्धत तिथेच मोडते.

सिनॅप्टोसोमपर्यंत

मेंदू काढून लगेच बर्फाच्या बफरमध्ये बुडवा. ग्रॅमला ९ मिली, म्हणजे ५ ग्रॅमला ४५ मिली बफर. काचेची नळी आणि टेफ्लॉनचा दट्ट्या असलेला होमोजिनायझर ९०० आरपीएमवर ठेवून १० फेऱ्या द्या. दट्ट्या वर ओढताना खाली पोकळी तयार होऊन बुडबुडे येत असतील तर वेग तोच ठेवून हात सावकाश करा. फेस म्हणजे हवेच्या पृष्ठभागावर उलगडलेली प्रथिने. फेऱ्या वाढवल्या तर सिनॅप्टोसोम इथेच फुटतात आणि वेसिकल्स पुढच्या सुपरनेटंटबरोबर (फिरवल्यावर वर राहणाऱ्या द्रवाबरोबर) निघून जातात.

यातले २०० मायक्रोलिटर 'एच' म्हणून बाजूला काढून गोठवा. इथून पुढे प्रत्येक टप्प्यावर असाच नमुना ठेवायचा आहे.

१,००० जी, १० मिनिटे: केंद्रके आणि न फुटलेल्या पेशी खाली बसतात. सुपरनेटंट (एस१) घेऊन १२,००० जी, १५ मिनिटे फिरवा. तळाशी बसलेला गाळ, म्हणजे पेलेट, तो पी२. वरचा द्रव ओतण्यासाठी नळी उलटी करण्याआधी तो नीट पाहा: वर सैलसर पांढरट थर, मधे मलईच्या रंगाचा आणि अगदी तळाशी तपकिरी टिकली. तपकिरी म्हणजे मायटोकाँड्रिया. थोडा बफर घालून नळी हळू गोल फिरवा, वरचे थर सुटून येतात आणि टिकली चिकटून राहते. तिला हात लावू नका. थोडा फिकट भाग तिच्याबरोबर गेला तरी चालेल. इथे हाव केली की शेवटी मायटोकाँड्रियाच्या सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या पट्ट्या दिसतात. उचललेला भाग ४० मिली बफरमध्ये पातळ करून १३,००० जी, १५ मिनिटे धुवा.

गोठवलेला मेंदू द्रव नायट्रोजनमध्ये कुटून थेट वेसिकल्स काढण्याचीही एक रूढ पद्धत आहे. ती वेगवान आहे आणि मिळकतही चांगली, पण पेशीदेहातल्या तितक्याच आकाराच्या इतर पिशव्या तिच्यात मिसळतात. पटलाचे घटक मोजायचे असतील तर सिनॅप्टोसोमचा लांबचा रस्ताच घ्यावा, असे आमचे ठाम मत आहे. एस१ मधून सिनॅप्टोसोम खाली बसवताना त्या पिशव्या सुपरनेटंटमध्ये मागे राहतात, आणि ही गाळणी नंतर कुठेच मिळत नाही.

पाण्याने फोडणे

धुतलेला पेलेट ५ मिली होमोजिनायझेशन बफरमध्ये घ्या. त्यात ४५ मिली बर्फथंड शुद्ध पाणी (ताजे प्रोटिएज इनहिबिटर घातलेले) ओतून लगेच २,००० आरपीएमवर टेफ्लॉनच्या ३ फेऱ्या द्या. सिनॅप्टोसोम फुगून फुटतात. वेसिकल्स लहान असल्याने टिकतात. मग लगोलग १ मोलर हेपीस, पीएच ७.४, २५० मायक्रोलिटर घाला, कारण नुसत्या पाण्यात पीएच घसरतो आणि वेसिकल्स एकमेकींना चिकटू लागतात. ३० मिनिटे बर्फावर, अधूनमधून नळी उलटी-सुलटी करा.

इथे मीठ घालायचे की नाही, हा निर्णय तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे. सिनॅप्सिन पटलाला वरून चिकटलेले असते. कमी क्षारतेत ते वेसिकलवर टिकते आणि २०० मिलिमोलर सोडियम क्लोराइडने निघून जाते. उपचार केलेले आणि न केलेले असे दोन भाग चालवले तर कोणते प्रथिन पटलात रुतलेले आणि कोणते वरचे, हे कळू लागते. पीएच ११ चा सोडियम कार्बोनेट त्याहून कडक: तो जवळजवळ सगळी वरची प्रथिने सोडवतो. रॅब-३ए आणि सीएसपी-अल्फा मात्र लिपिड शेपटीने रुतलेली असल्याने बहुतांशी राहतात. अल्फा-सिन्युक्लिनची पकड इतकी सैल असते की शुद्धीकरणातच ते बरेचसे गळते. अंतिम नमुन्यात ते दिसले नाही म्हणून जिवंत चेतापेशीत ते वेसिकलवर नसते, असा निष्कर्ष काढू नका.

२५,००० जी, २० मिनिटे फिरवल्यावर सिनॅप्टिक प्लाझ्मा पटलाचे मोठे तुकडे एलपी१ म्हणून खाली बसतात. हा पेलेट सैल असतो. ब्रेक हलका ठेवा आणि वरचा द्रव घेताना तळाचे २ मिली सोडून द्या. हे सुपरनेटंट (एलएस१) १,६५,००० जी, २ तास फिरवल्यावर जो काचेसारखा, किंचित दुधी पेलेट मिळतो तो एलपी२, म्हणजे कच्च्या वेसिकल्स. पुष्कळ प्रकाशित कामे इथेच थांबतात आणि एलपी२ लाच 'सिनॅप्टिक वेसिकल' म्हणतात. वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिनाची पट्टी दाखवणाऱ्या चाचणीत) एखाद्या प्रथिनाची तुलना करायला ते चालते, घटकांची यादी करायला अजिबात नाही.

ग्रेडिएंट आणि स्तंभ

एलपी२ ला १.५ मिली ४० मिलिमोलर सुक्रोजमध्ये (लिटरला १३.७ ग्रॅम) घ्या. आधी छोट्या होमोजिनायझरने, मग २५ गेजच्या सुईतून १० वेळा सावकाश ओढून-ढकलून एकजीव करा. प्रकाशासमोर धरल्यावर निळसर दुधी, कणविरहित दिसले पाहिजे. कण राहिले तर त्या गाठी ग्रेडिएंटच्या तळाशी जातात आणि मिळकत निम्म्यावर येते, हे या पद्धतीतले सगळ्यात नेहमीचे नुकसान.

५० ते ८०० मिलिमोलरचा सलग ग्रेडिएंट ओतून वर नमुना अलगद ठेवा. ६५,००० जी, ५ तास, चढताना मंद वेग आणि उतरताना ब्रेक बंद. मागे काळा कागद धरला की मधल्या भागात, साधारण २०० ते ४०० मिलिमोलरच्या दरम्यान, रुंद धूसर पट्टा दिसतो. तोच घ्या. त्याच्याखाली ठळक पांढरा पट्टा असेल तर तो प्लाझ्मा पटल आणि मायेलिनचा. दोन्ही पट्टे मिसळले असतील तर एक तर ग्रेडिएंट हलला, किंवा नमुना जास्त भरला.

उरलेली मोठी पटले आणि विद्राव्य प्रथिने आकारावर वेगळी होतात. यासाठी ३०० नॅनोमीटर छिद्रांचा कंट्रोल्ड पोअर ग्लास वापरतात, ३०० मिलिमोलर ग्लायसिन (लिटरला २२.५ ग्रॅम) आणि ५ मिलिमोलर हेपीस, पीएच ७.४ मध्ये. काच आधी पॉलिइथिलीन ग्लायकॉलने लेपित करावी लागते, नाहीतर ती प्रथिने धरून ठेवते. पहिले शिखर मोठ्या पटलांचे, दुसरे वेसिकल्सचे, त्यानंतर विद्राव्य प्रथिने. काच मिळत नसेल तर सेफॅक्रिल एस-१००० चालते. दुसऱ्या शिखरातील नळ्या एकत्र करून २,६०,००० जी, २ तास. पेलेट लहान भागांत द्रव नायट्रोजनमध्ये झटपट गोठवून उणे ८० ला ठेवा. एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नका.

सकाळी ८ ला ऊती काढली तर ग्रेडिएंट दुपारी २ च्या सुमारास रोटरमध्ये जातो आणि स्तंभ रात्रभर चालतो. मधे थांबायला सुरक्षित जागा नाही.

शुद्धता तपासणे

राखून ठेवलेल्या सगळ्या नमुन्यांत प्रथिन मोजा. प्रथिन मोजण्याच्या रंगचाचण्यांपैकी ब्रॅडफर्ड डिटर्जंटशिवाय पटल प्रथिने कमी दाखवतो. बीसीए ही दुसरी चाचणी वापरत असाल तर मानकही त्याच बफरमध्ये बनवा, कारण ईजीटीए आणि ग्लायसिन दोन्ही त्यात लुडबुड करतात. मग प्रत्येक टप्प्याचे सारखे मायक्रोग्रॅम जेलवर चढवा.

सिनॅप्टोफायसिन (३८ किलोडाल्टन) आणि सिनॅप्टोब्रेव्हिन (जेलवर १८ च्या आसपास) प्रत्येक टप्प्याला वाढले पाहिजेत. पीएसडी-९५ आणि एनएमडीए रिसेप्टरचे ग्लून-१ ही सिनॅप्सपलीकडच्या पटलाची प्रथिने एलपी१ मध्ये भरपूर, शेवटी जवळजवळ शून्य. मायटोकाँड्रियासाठी सायटोक्रोम ऑक्सिडेज, ग्लियासाठी जीएफएपी, मायेलिनसाठी एमबीपी, ईआरसाठी (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमसाठी) बीआयपी, असे प्रत्येकी एक तरी पाहा. सोबत २ टक्के युरॅनिल अ‍ॅसिटेटने रंगवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखी गोल पुटके दिसली पाहिजेत.

सिनॅप्टोफायसिनची वाढ होमोजिनेटच्या तुलनेत २० पटींच्या आसपास येते. मेंदूतल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण ५ टक्के वेसिकल्समध्ये असतात, म्हणून पूर्ण शुद्ध नमुन्यातही याहून फार पुढे जाता येत नाही. कुणी १०० पट दाखवत असेल तर त्याची पट्टी मोजमापाच्या सरळ रेषेबाहेर गेली आहे, किंवा होमोजिनेटचे प्रथिन चुकीचे मोजले आहे.

जेलच्या नमुन्याबाबत एक सापळा आहे. व्हीग्लूटसारखी (वेसिकलमध्ये ग्लुटामेट भरणारा ट्रान्सपोर्टर) पटलातून अनेकदा आरपार जाणारी प्रथिने उकळली की गोळा होतात आणि जेलच्या खाचेतच अडकतात, त्यामुळे नमुना ३७ अंशांवर २० ते ३० मिनिटे ठेवावा. उलट सिन्टॅक्सिन, स्नॅप-२५ आणि सिनॅप्टोब्रेव्हिन यांचा स्नेअर संकुल (वेसिकल पटलाला जोडणारा प्रथिनांचा गट) एसडीएस या कडक डिटर्जंटमध्येही सुटत नाही, त्याला ९५ अंश लागतात. एकाच नळीतून दोन्ही मोजायला गेलात तर एक हमखास चुकते. दोन नळ्या करा.

मास स्पेक्ट्रोमेट्री

रनला १० ते २० मायक्रोग्रॅम पुरतात. एसडीएसमध्ये पूर्ण विरघळवा, डीटीटीने रिड्यूस आणि आयोडोअ‍ॅसिटामाइडने अंधारात अल्किलेट करा, मग एसडीएस पूर्ण काढून टाका, एसपी३ मण्यांनी किंवा जेलच्या कापांतून. आधी लाय-सी आणि नंतर ट्रिप्सिन ही प्रथिने कापणारी विकरे लावल्यास पचन सुधारते.

ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिनपाशी कापते. पटलातल्या हेलिक्समध्ये हे दोन्ही सहसा नसतात. सिनॅप्टोफायसिन पाहा: ४ हेलिक्स पटलात, आणि बाहेरची शेपटी टायरोसिन, ग्लायसिन, प्रोलिनच्या पुनरावृत्तींची, जिथे कापायला जागाच नाही. वेसिकलवर विपुल असूनही ते मोजकेच वापरण्याजोगे पेप्टाइड देते. पेप्टाइडच्या संख्येवरून क्रम लावला तर सिनॅप्सिनसारखी मोठी, विद्राव्य प्रथिने त्याच्या वर जाऊन बसतात. आयबीएक्यूसारखी पद्धत संभाव्य पेप्टाइडच्या संख्येने भागून काही भरपाई करते, तरी अशा प्रथिनांसाठी कायमोट्रिप्सिनचा एक वेगळा रन जोडावा.

फक्त शेवटचा नमुना चालवू नका. एच, पी२, एलपी१, एलपी२ आणि शुद्ध वेसिकल्स असे पाचही टप्पे चालवा आणि प्रत्येक प्रथिनाचा आलेख काढा. सिनॅप्टोफायसिन, एसव्ही-२, सिनॅप्टोटॅग्मिन-१ यांच्या रेषेला समांतर जाणारे ते खरे उमेदवार. एलपी२ पर्यंत चढून स्तंभानंतर पडणारे बहुधा प्रोटिएझोमसारखे, आकाराने सोबत आलेले संकुल. सिन्टॅक्सिन आणि स्नॅप-२५ मधे कुठेतरी असतात: त्यांचा मुख्य साठा प्लाझ्मा पटलावर असला तरी वेसिकलवरही ते खरेच असतात, त्यांना सरसकट भेसळ म्हणून पुसू नका.

नगांची संख्या काढणे

यासाठी शुद्ध रिकॉम्बिनंट प्रथिन मानक म्हणून लागते. २००६ च्या मोजणीत एका वेसिकलवर सरासरी सुमारे ७० सिनॅप्टोब्रेव्हिन, ३२ सिनॅप्टोफायसिन, १५ सिनॅप्टोटॅग्मिन-१, १० रॅब-३ए, ८ सिनॅप्सिन, ६ सिन्टॅक्सिन, २ च्या आत एसव्ही-२ आणि स्नॅप-२५, आणि १.४ व्ही-एटीपेज (प्रोटॉन पंप) मिळाले. सोबत सुमारे ७,००० फॉस्फोलिपिड आणि ५,७०० कोलेस्टेरॉल रेणू.

आपली मोजणी यावर ताडून पाहण्याचा सरळ मार्ग वजनाचा आहे. पूर्ण वेसिकलचे वस्तुमान १७.८ मेगाडाल्टन, त्यातला प्रथिनांचा वाटा १० मेगाडाल्टनच्या जरा वर. म्हणजे १ मायक्रोग्रॅम वेसिकल प्रथिनात सुमारे ५,८०० कोटी वेसिकल्स. सिनॅप्टोब्रेव्हिन १२.७ किलोडाल्टनचे, ७० नग म्हणजे ०.८९ मेगाडाल्टन, एकूण प्रथिनाच्या ८.६ टक्के. तेव्हा ०.५ मायक्रोग्रॅम नमुन्याच्या पट्टीत ४३ नॅनोग्रॅम सिनॅप्टोब्रेव्हिन दिसायला हवे. मानक १०, २०, ४०, ६०, ८० नॅनोग्रॅमचे आणि नमुना ०.२५, ०.५ व १ मायक्रोग्रॅमचा एकाच जेलवर ठेवा. नमुना दुप्पट केल्यावर उत्तर दुप्पट येत नसेल तर पट्टी संपृक्त झाली आहे. २५ नॅनोग्रॅमच्या आसपासच आले, तर मानक बरोबर असल्यास नमुना निम्माच शुद्ध आहे.

हे आकडे सरासरीचे आहेत. २०११ मध्ये एकेक वेसिकल मोजली गेली तेव्हा एसव्ही-२, व्ही-एटीपेज, व्हीग्लूट-१ आणि सिनॅप्टोटॅग्मिन-१ यांची संख्या वेसिकलागणिक फारशी बदलत नव्हती, सिनॅप्टोफायसिन आणि सिनॅप्टोब्रेव्हिनची मात्र बरीच. विपुल प्रथिनांत ढिलाई आणि मोजक्या नगांत काटेकोरपणा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे: प्रोटॉन पंपच नसेल तर वेसिकल भरणारच नाही.

ग्लुटामेट आणि गाबाच्या वेसिकल्स वेगळ्या हव्या असतील तर एलपी२ मधून व्हीग्लूट-१ किंवा व्हीगॅटच्या (गाबा भरणाऱ्या ट्रान्सपोर्टरच्या) अँटिबॉडीने चुंबकीय मण्यांवर ओढा. अँटिबॉडी बाहेरच्या बाजूचा भाग ओळखणारी हवी. व्हीगॅटचे एन टोक बाहेर असते, सी टोक वेसिकलच्या आत, म्हणजे सी टोकाची अँटिबॉडी इथे निरुपयोगी. मण्यांवर साध्या आयजीजीचे (कोणतेही वेसिकल प्रथिन न ओळखणाऱ्या अँटिबॉडीचे) नियंत्रण हवेच. मण्यांसकट उकळू नका, नाहीतर अँटिबॉडीचे तुकडे संपूर्ण स्पेक्ट्रम व्यापतात. सौम्य डिटर्जंटने वेसिकल प्रथिने सोडवून घ्या. २०१० मध्ये ही तुलना झाली तेव्हा दोन्ही प्रकारांत ट्रान्सपोर्टर सोडल्यास फरक थोडेच निघाले, त्यात एमएएल-२ हे नवे नाव ग्लुटामेटच्या बाजूला होते. तुमच्या यादीत दोन्हींत पन्नास फरक दिसत असतील, तर आधी आयजीजीच्या नियंत्रणातली यादी त्यातून वजा करून पाहा.